हॅव की हॅज? वस्तूकडे बघू नका, मालकाकडे बघा

आय, वी, यू, दे ला हॅव आणि ही, शी, इट ला हॅज, एवढं तर सगळ्यांनाच पाठ असतं. मराठी मीडियमला पाचवीपासून इंग्रजी असायचं तेव्हाही हे घोटून घ्यायचे आणि 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हापासून तर पोरं अजूनच लवकर घोटतात. गाळलेल्या जागा भरा म्हटलं की दहापैकी दहा. आणि तीच माणसं पुढे मोठी होऊन, डिग्री वगैरे घेऊन, ऑफिसच्या ग्रुपवर लिहितात "शी हॅव टू सन्स" नाहीतर "दे हॅज वन कार". म्हणजे टेबल पाठ नाही हा प्रॉब्लेमच नाहीये, टेबल पाठ आहे आणि तरी चुकतंय.

का चुकतं ते जरा नीट बघितलं तर कळतं की चुका उगाच कुठेही होत नाहीत, ठरलेल्या जागीच होतात. वरची दोन वाक्यं मराठीत करून बघा. "तिला दोन मुलगे आहेत." "त्यांच्याकडे एक गाडी आहे." आता पहिल्या वाक्यात "आहेत" का आलं? बाई तर एकटीच आहे. आलं कारण मुलगे दोन आहेत. दुसऱ्यात माणसं चार असोत नाहीतर चाळीस, गाडी एक आहे म्हणून "आहे". म्हणजे असल्या वाक्यात मराठी क्रियापद मालकाकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही, ते वस्तूकडे बघून बदलतं. इंग्रजीत बरोब्बर उलटं आहे. तिथे क्रियापद फक्त मालकाला ओळखतं, वस्तू एक आहे की शंभर याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. शी एकटी आहे म्हणून "शी हॅज टू सन्स", आणि दहा असते तरी "शी हॅज टेन सन्स"च. दे अनेक आहेत म्हणून "दे हॅव वन कार", भले त्या एका गाडीत सगळे कोंबून बसत असतील.

सचिन तेंडुलकरचं घ्या. इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये त्याच्या नावावर 100 शतकं आहेत, टेस्टमध्ये 51 आणि वनडेत 49. मराठीत "शतकं आहेत" म्हणून आपलं डोकं आधीच अनेकवचनात गेलेलं असतं आणि तिथून तोंडातून हॅव बाहेर पडतं. पण सचिन किती? एक. "सचिन हॅज 100 सेंच्युरीज." विषय संपला. बोलायच्या आधी एकच प्रश्न मनात विचारायचा, कोणाकडे आहे? काय आहे आणि किती आहे ते नंतर बघू.

आता गंमत अशी की मराठीत हॅव नावाचं क्रियापदच नाही. आपण सगळं काम "आहे"वर भागवतो आणि मालकाला वेगवेगळे प्रत्यय चिकटवत बसतो. पैसे, गाडी, मोबाइल असलं काही असेल तर "माझ्याकडे" किंवा "माझ्याजवळ". नातेवाईक असतील तर "मला". ताप, सर्दी, शुगर, बीपी यांनाही "मला". हॉटेल किंवा दुकान असेल तर "माझं". रेकॉर्ड, जमीन, कर्ज असेल तर "माझ्या नावावर". शहर, राज्य, वर्ष, घर यांच्यासाठी "त", म्हणजे वर्षात 12 महिने आहेत, घरात तीन खोल्या आहेत. आणि कधी याच जागांना "ला", जसं महाराष्ट्राला समुद्रकिनारा आहे. आपण हे इतकं सहज करतो की "माझ्याकडे दोन भाऊ आहेत" असं कोणी म्हटलं तर लगेच खटकतं, म्हणजे काय भाड्याने द्यायला ठेवलेत का! इंग्रजीने हे सगळं एका हॅवमध्ये कोंबलंय. भाऊ असो, ताप असो, हॉटेल असो, समुद्रकिनारा असो, सगळीकडे हॅव. म्हणजे खरं तर इंग्रजी इथे आपल्यापेक्षा सोपी आहे, मराठी शिकणाऱ्या माणसाचे काय हाल होत असतील विचार करा.

आणि हे फक्त आपलंच वेड नाही. हिंदीत "मेरे पास", कोंकणीत "म्हजेकडेन" आणि पुढे "आसा", आणि पार लांबच्या रशियन भाषेतसुद्धा "माझ्याकडे आहे" याच धर्तीचं वाक्य करतात. जगात हॅव नसलेल्या भाषा भरपूर आहेत, त्यामुळे हॅव अवघड वाटलं तर न्यूनगंड वगैरे काही बाळगायची गरज नाही.

फक्त या प्रत्ययांमुळे एक वेगळी चूक होते ती सांगून टाकतो. "महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत" (2014 ला पालघर वेगळा झाला तेव्हापासून 36) याचं इंग्रजी करताना बरेच जण "इन महाराष्ट्रा हॅव 36 डिस्ट्रिक्ट्स" करतात. त्या "त" साठी "इन" आणला आणि मग हॅव पण लावला. हॅवला मालक लागतो, आणि "इन महाराष्ट्रा" हा मालक नाही, ती जागा आहे. एकतर इन काढून टाका आणि महाराष्ट्रालाच मालक करा, "महाराष्ट्रा हॅज 36 डिस्ट्रिक्ट्स". नाहीतर इन ठेवायचाच असेल तर हॅव सोडा आणि "देअर आर 36 डिस्ट्रिक्ट्स इन महाराष्ट्रा" म्हणा. दोन्ही बरोबर आहेत, खिचडी नको.

आणि प्रत्येक "आहे"चं हॅव होत नाही बरं का. "माझं वय 30 आहे", "मला भूक लागलीये", "तुझं बरोबर आहे" ही वाक्यं इंग्रजीत अॅम, इज, आर ने होतात. आय अॅम 30, आय अॅम हंग्री, यू आर राइट. ताप असतो तेव्हा हॅव आणि भूक असते तेव्हा अॅम, यात लॉजिक शोधत बसू नका, स्पॅनिशमध्ये भूक आणि वय दोन्ही हॅवनेच सांगतात, ज्याची त्याची पद्धत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण मालक आणि वस्तूचा हा घोळ फक्त "माझ्याकडे अमुक आहे" इतकाच नाहीये. हॅव, हॅजचा दुसरा मोठा उपयोग म्हणजे झालेलं काम सांगायला, हॅव डन, हॅज गॉन वाला. आणि इथेही मराठी आपल्याला त्याच खड्ड्यात टाकते. "तिने तीन मेल पाठवले आहेत." क्रियापद कशाप्रमाणे बदललं? मेलप्रमाणे. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवायचे ना, जो आपण पाच मार्कांसाठी पाठ केला आणि सोडून दिला, तो हा. पाठवणारी एक, पण मेल तीन म्हणून "पाठवले आहेत", आणि मग इंग्रजी निघतं "शी हॅव सेंट थ्री मेल्स". उलट्या बाजूने "त्यांनी फ्लॅट घेतला आहे", फ्लॅट एक, म्हणून "दे हॅज बॉट अ फ्लॅट". दोन्ही चूक, आणि दोन्हीचं औषध तेच. पाठवणारी शी, म्हणून "शी हॅज सेंट थ्री मेल्स". घेणारे दे, म्हणून "दे हॅव बॉट अ फ्लॅट". जिथे जिथे मराठीत "ने" किंवा "नी" आहे तिथे जरा ब्रेक मारायचा आणि करणारा कोण ते बघायचं. "तो गेलाय", "ते गेलेत" असल्या वाक्यात मात्र फार चुकत नाही कारण तिथे मराठीतही क्रियापद माणसाप्रमाणेच चालतं.

बरं, इथे एक छान सोय मराठीत आधीपासून आहे ती वापरा. "ही हॅज गॉन टू पुणे" आणि "ही हॅज बीन टू पुणे" यातला फरक समजावताना लोक उगाच पानंच्या पानं लिहितात. पहिलं म्हणजे "तो पुण्याला गेलाय", अजून तिकडेच आहे. दुसरं म्हणजे "तो पुण्याला जाऊन आलाय". झालं. एक काळजी फक्त घ्यायची, मराठीत "मी काल त्याला बघितलंय" चालतं पण इंग्रजीत काल, परवा, गेल्या वर्षी, 2019 मध्ये असं संपलेल्या वेळेचं नाव आलं की हॅव गायब करायचं. "आय सॉ हिम यस्टरडे". हॅव सॉ नाही, हॅव सीन पण नाही.

आणखी एक चूक आहे जी खास आपल्या संस्कारांमुळे होते, आणि मला ती चुकांमधली सगळ्यात गोड चूक वाटते. "माय फादर हॅव अ शॉप." "सर हॅव कम." का? कारण मराठीत बाबा आले आहेत, सर आले आहेत, आजोबा बसले आहेत. मोठ्या माणसाला आपण आदराने अनेकवचनात बोलतो, एकट्या सरांना "सर आला आहे" म्हटलं तर फटकेच पडतील. मग "सर हॅज कम" म्हणताना आतून कुठेतरी सरांना अरेतुरे केल्यासारखं वाटतं आणि जीभ हॅवकडे वळते. पण इंग्रजीत तिसऱ्या माणसाचा आदर क्रियापदात ठेवतच नाहीत. पंतप्रधान असोत, राष्ट्रपती असोत, सासूबाई असोत, एक माणूस असेल तर हॅज. "माय मदर-इन-लॉ हॅज डायबिटीस." यात कोणाचा अपमान होत नाही.

उलट इंग्रजीतला खरा आदरार्थी शब्द कोणता माहितीये का, यू. पूर्वी इंग्रजीत "तू"साठी वेगळा शब्द होता, दाऊ, आणि त्याच्याबरोबर हॅस्ट यायचं. यू म्हणजे आपलं "तुम्ही". हळूहळू लोक सगळ्यांनाच तुम्ही म्हणायला लागले, मित्राला, पोराला, कुत्र्यालासुद्धा, आणि रोजच्या बोलण्यातला तू मेलाच. म्हणून समोर एकटा माणूस असला तरी "यू हॅव", "यू हॅज" कधीच नाही. ते मुळात "तुमच्याकडे" आहे.

मग "आय" एकटाच असून हॅज का नाही, हा प्रश्न लहान पोरं विचारतात आणि त्यांना "तसा रूलच आहे" असं सांगून गप्प बसवतात. प्रश्न बरोबर आहे त्यांचा. उत्तर असं की हॅजच्या शेवटचा एस हा एकवचनाचा प्रत्यय नाहीच आहे, तो तिसऱ्या माणसाचा प्रत्यय आहे, आणि तोही एकट्या तिसऱ्याचा. मी आणि तुम्ही समोरासमोर बोलतोय आणि ज्याच्याबद्दल बोलतोय तो तिसरा, त्याच्या क्रियापदाला खूण. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मी, तू, तो या प्रत्येकाला वेगळी आणि अनेकवचनात सगळ्यांना मिळून एक खूण होती, आपल्याकडे कशी मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत अशी अजूनही आहेत तशी. जर्मनमध्ये थोडीफार टिकलीयेत, पुण्यात मॅक्स म्युलर भवनला जर्मनचा क्लास लावलेल्या कोणालाही विचारा, पहिल्याच काही दिवसांत "इश हाबं, डू हास्ट, एर हाट" घोकावं लागतं. इंग्रजीत बाकीच्या खुणा झिजून गेल्या आणि ही, शी, इटची तेवढी उरली. तीही आधी एस नव्हती, थ होती. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये हॅजच्या जागी हॅथच आहे, आणि त्याच काळातल्या शेक्सपिअरच्या नाटकांत हॅथ आणि हॅज दोन्ही सापडतात. उत्तरेकडच्या बोलीतला एस हळूहळू खाली लंडनपर्यंत आला आणि त्याने थ ला हुसकावलं. आणि हॅवला एस लावला तर "हॅव्ज" व्हायला हवं ना, तर तो मधला व दिवसरात्र वापरून वापरून गळून गेला. जे शब्द जास्त वापरले जातात तेच जास्त झिजतात, आपल्या "काय म्हणालास"चं "काय म्हणलास" होतं त्यातलाच प्रकार.

आता येतो तो भाग जिथे चांगले चांगले घसरतात. प्रश्न आणि नकार. "डझ ही हॅज अ कार?" "शी डझन्ट हॅज टाइम." हे इतकं कॉमन आहे की कानाला बरोबर वाटायला लागलंय. इथे लोकांचं लॉजिक असं असतं की ही आहे म्हणजे हॅज, पाठच आहे आपल्याला. पाठ आहे ते ठीक, पण एका क्रियापदाच्या गटात एस एकदाच मिळतो. घराला एकच किल्ली असली की जो पुढे जाऊन दार उघडणार त्याच्याकडे ती द्यावी लागते, मागून येणारे रिकाम्या हाताने येतात, तसं आहे हे. प्रश्नात डू पुढे आला, एस त्याने घेतला, त्याचा डझ झाला, आता मागचा हॅव रिकामाच येणार. "डझ ही हॅव अ कार?" "शी डझन्ट हॅव टाइम." भूतकाळातही तेच, डिड पुढे आला की तो सगळं घेऊन जातो म्हणून "डिड यू हॅड" नाही, "डिड यू हॅव". विल, कॅन, मे, शुड, मस्ट हे तर एस घेतही नाहीत आणि मागच्याला घेऊही देत नाहीत. "ही विल हॅव", "शी कॅन हॅव", "इट मस्ट हॅव". ही, शी, इट दिसला म्हणून लगेच हॅजवर उडी मारायची नाही, मध्ये कोणी बसलंय का ते आधी बघायचं.

पण थांबा, डू प्रत्येक प्रश्नात येत नाही. "मालकीचं" हॅव असेल तर डू येतो, "डू यू हॅव चेंज?" म्हणजे सुट्टे आहेत का. "झालेल्या कामाचं" हॅव असेल तर हॅव स्वतःच उडी मारून पुढे जातो, "हॅव यू ईटन?", "हॅज शी लेफ्ट?" इथे "डू यू हॅव ईटन" केलं तर वाक्य पार आडवं होतं. आणि विचारायचंच "कोणाकडे आहे" असेल तर डूची गरज नाही, "हू हॅज द की?" बस.

आता कोणी म्हणेल मग "बा बा ब्लॅक शीप, हॅव यू एनी वूल"मध्ये डू कुठे गेला? बरोबर पकडलंत. ती जुनी पद्धत आहे. अठराव्या शतकातलं ते गाणं, तेव्हा मालकीच्या हॅवलाही डूशिवाय पुढे आणायचे. ब्रिटनमध्ये त्याचे अवशेष अजून ऐकू येतात, "आय हॅवन्ट अ क्लू" म्हणजे मला काही कल्पना नाही, हे त्यातलंच. जुन्या इंग्रजी माध्यमात शिकलेली आजोबा पिढी "हॅव यू अ पेन?" विचारते ती चुकत नाहीये, जुनं बोलतेय. पण आज कोणी नवीन शिकत असेल तर "डू यू हॅव" धरावं, ते जगात कुठेही चालतं. ब्रिटिश लोक रोजच्या बोलण्यात "हॅव यू गॉट" पण भरपूर वापरतात, "हॅव यू गॉट अ पेन?", "शीज गॉट अ न्यू जॉब". तिथे गॉटला काही वेगळा अर्थ नाही, हॅवच आहे तो.

आता हॅविंग. हा विषय निघाला की काही लोक नाक वर करून "आपले लोक काय इंग्रजी बोलतात" सुरू करतात, ते मला अजिबात आवडत नाही. "फ्लॅट इज हॅविंग टू बाल्कनीज" ब्रोकरने लिहिलं तर पुण्यापासून पाटण्यापर्यंत सगळ्यांना कळतं की बाल्कन्या दोन आहेत, व्यवहार होतो, कोणी अडत नाही. पण आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा, देणार असाल तर तिथे स्पीकिंग आणि रायटिंग दोन्हीत ग्रामरला चारातला एक भाग, म्हणजे 25 टक्के वजन असतं, आणि बाहेरच्या क्लायंटला मेल जाणार असेल तरी नीट लिहिलेलं बरं. तर नियम असा की नुसतं "असणं" सांगायचं असेल तर हॅविंग नाही, काही "करणं किंवा होणं" सांगायचं असेल तर हॅविंग चालतं.

हे ओळखायला मराठीच वापरा, इथे ती खड्ड्यात टाकत नाही, उलट बाहेर काढते. वाक्य मराठीत बोला. शेवटी नुसतं आहे किंवा आहेत उरलं तर हॅव, हॅज. "मला दोन भाऊ आहेत", "फ्लॅटला दोन बाल्कन्या आहेत", म्हणून "आय हॅव टू ब्रदर्स", "द फ्लॅट हॅज टू बाल्कनीज". पण मराठीत खरंखुरं दुसरं क्रियापद आलं, जेवतोय, चहा घेतोय, पार्टी करतोय, मजा येतेय, त्रास होतोय, तर हॅविंग बिनधास्त. "वी आर हॅविंग लंच", "दे आर हॅविंग अ पार्टी", "आर यू हॅविंग फन?", "आय अॅम हॅविंग ट्रबल विथ द लॉगिन". अगदी "तिला मार्चमध्ये बाळ होणारे" हे "शी इज हॅविंग अ बेबी इन मार्च" होतं, पण बाळ झाल्यावर मात्र "शी हॅज अ बेबी", कारण आता बाळ आहे. यावरून आठवलं, "चहा घेणार का?" याचं आपण "विल यू टेक टी?" करतो, तिथेही इंग्रजांना हॅवच जास्त जवळचा, "विल यू हॅव सम टी?"

शाळेच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात पडणारा एक मेसेज घेऊया, "रिस्पेक्टेड मॅडम, माय सन इज हॅविंग फीवर सिन्स मंडे." यात दोन गोष्टी आहेत. ताप "आहे", म्हणून हॅविंगची गरज नाही, हे वरच्या युक्तीने कळलं. पण मग "माय सन हॅज फीवर सिन्स मंडे" लिहिलं तर? अजून एक अडचण उरते, ती "सिन्स". मराठीत "सोमवारपासून ताप आहे" म्हणतो आपण, साधं आहे, वर्तमानकाळ. इंग्रजीला मात्र सोमवारपासून आजपर्यंत ताणलेली गोष्ट साध्या हॅजमध्ये मावत नाही, तिला डबल लागतं, "माय सन हॅज हॅड फीवर सिन्स मंडे". हॅज हॅड बघून लोकांना टायपिंग मिस्टेक वाटते आणि ते एक काढून टाकतात. काढू नका. पहिला हॅज नुसता मदतनीस आहे, ही, शी, इटप्रमाणे बदलतो, आणि दुसरा हॅड म्हणजे खरं "असणं". "आय हॅव हॅड धिस फोन फॉर थ्री इयर्स", "दे हॅव हॅड नो वॉटर सिन्स धिस मॉर्निंग". सिन्स किंवा फॉर दिसला, आणि गोष्ट अजून चालू असली, की हॅव हॅड, हॅज हॅड.

काही मालक मुद्दाम गोंधळात टाकणारे असतात. एव्हरीवन, एव्हरीबडी, समवन, नोबडी, ईच, हे अर्थाने कितीही गर्दीचे असले तरी इंग्रजी त्यांना एकटं समजते, "एव्हरीवन हॅज अ फोन". "वन ऑफ माय फ्रेंड्स" मध्ये शेवटी फ्रेंड्स दिसतं म्हणून हॅव सुचतं पण मालक "वन" आहे, "वन ऑफ माय फ्रेंड्स हॅज अ स्टुडिओ". न्यूज ला शेवटी एस असूनही हॅज. पीपल आणि पोलीस ला शेवटी काहीच नसूनही हॅव, "द पोलीस हॅव कम".

आणि इंडिया? "इंडिया हॅज 28 स्टेट्स अँड 8 युनियन टेरिटरीज" इथे शंकाच नाही, देश एक. पण मॅचच्या वेळी कॉमेंटेटर "इंडिया हॅव वन द टॉस" म्हणतो तेव्हा बरेच जण चुकलं चुकलं करतात. तो चुकलेला नाही. ब्रिटिश पद्धतीत टीम म्हणजे अकरा जण असा विचार करून हॅव लावतात आणि क्रिकेटचं इंग्रजी तिथूनच आलंय. अमेरिकन माणूस टीमलाही एकच धरतो आणि हॅज म्हणतो. फॅमिली, कमिटी, स्टाफ, टीम या सगळ्यांचं असंच, फक्त एका मेलमध्ये एकदा हॅव आणि खाली हॅज असं करू नका.

राहिलं "हॅव टू", म्हणजे आपलं "लागतं". मला जावं लागतं, "आय हॅव टू गो". तिला पाचला उठावं लागतं, "शी हॅज टू गेट अप अॅट फाइव्ह". हे सोपं आहे कारण मराठीतलं "लागतं" इथे बदलतच नाही, त्यामुळे गोंधळ घालायला काही उरत नाही, उठणारी कोण तेवढं बघायचं. नकारात मात्र जपून. "यू डोन्ट हॅव टू कम" म्हणजे यायची गरज नाही, आलात तर आनंदच आहे. "यू मस्ट नॉट कम" म्हणजे खबरदार आलात तर. या दोघांत अदलाबदल झाली तर लग्नाच्या आमंत्रणात भांडण होईल.

आणि हे कानाने ओळखायला थोडी सवय लागते, कारण बोलताना कोणी "हॅव टू" असं सुटं म्हणत नाही, व चा फ होतो आणि "हॅफ्टू" ऐकू येतं, तसंच "हॅज टू"चं "हॅस्टू". सिरीजमध्ये पात्र भराभर "आय हॅफ्टू गो" म्हणून निघून जातं आणि आपण सबटायटल शोधत बसतो. त्याहून वाईट म्हणजे "हीज", "शीज", "इट्स". यात लपलेला इज आहे की हॅज हे ऐकून कळतच नाही, पुढचा शब्द येईपर्यंत थांबावं लागतं. पुढे "कमिंग", "टायर्ड", "अ डॉक्टर" असलं काही आलं तर इज. "गॉट" किंवा "बीन" आलं तर नक्की हॅज. आणि "हीज गॉन"च्या बाबतीत तर इज धरा नाहीतर हॅज धरा, दोन्हीकडून तो गेलेलाच आहे.